एकाच आईची हाडं

न्यू ऑर्लिन्स
८ सप्टेंबर १९९८

प्रिय मार्सेलीन,

तुझं कार्ड काल पोचलं. पाकिटावर पाठवणारीचं नाव नव्हतं, तरी उघडायच्या आधीच मी खुर्ची ओढून बसले. शाळेत सिस्टर पर्पेच्युआंनी बोटांवर पट्टी मारून शिकवलेलं अक्षर माणसाला सोडत नाही. तू नाव बदललंस, गाव बदललंस, पण अक्षर अजून माझ्यासारखंच आहे.

चव्वेचाळीस वर्षांत तुझ्याकडून आलेली ही दुसरी वस्तू. पहिली म्हणजे आई गेली तेव्हाची पांढरी फुलं, चिठ्ठीशिवाय. मी ती तिच्या पायाशी ठेवली. कुणाची म्हणून ज्यांनी विचारलं त्यांना शाळेची म्हणून सांगितलं. ते खोटं मी चर्चमध्ये फादरांपुढे कबुलीजबाबात सांगून मोकळी झाले आहे, तेव्हा त्याचं ओझं तू घेऊ नकोस.

मला तुझा राग नाही. बाबांचा रंग माझ्याकडे आला आणि आईच्या आजीचा गोरा तुझ्याकडे, ह्यात आपल्या दोघींचा काय हात? तू गोरी म्हणून आगगाडीत गोऱ्यांच्या डब्यात चढलीस आणि पुन्हा कधीच काळी झाली नाहीस. आपल्या गल्लीतून तशा आणखी चार मुली गेल्या. त्यांच्या आया त्यांच्याबद्दल बोलायच्याच नाहीत. आपली आई बोलायची, पण फक्त माझ्याशी आणि फक्त स्वयंपाकघरात.

तू लिहितेस की मार्चमध्ये तुझा उजवा खुबा बदलला आणि आता तू समुद्रकाठी रोज मैलभर चालतेस. वाचून फार बरं वाटलं. मला विचारतेस, तुलाही आहे का गं हे? आहे थोडंसं. दमट हवेत कुरकुरतं. विशेष काही नाही.

मी आपल्याच घरात आहे. लग्न केलं नाही. अडतीस वर्षं दुसरीच्या वर्गाला शिकवलं. शेजारी अजून एर्लीन आहे, तीच, झाडावरून पडलेली. आता तिची जीभ आणखी लांब झाली आहे.

एक विचारू? डॉक्टरांना दुखतंय म्हणून सांगितल्यापासून ऑपरेशन व्हायला तुला किती दिवस लागले? सहज विचारते.

तुझी
नोएली


५ ऑक्टोबर १९९८

प्रिय मार्सेलीन,

पाच आठवडे!

मी पत्र खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. पायात मोजा घालता येत नाही एवढंच तू म्हणालीस, आणि त्यांनी फोटो काढला, तारीख दिली, वर तुझा हात हातात घेऊन 'इतके दिवस कसं सोसलंत?' म्हणाले.

मागच्या पत्रात 'थोडंसं' लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. मला तीन वर्षं झाली. डावा खुबा. मोजे मी घालतच नाही, घालता येत नाहीत. खुर्चीतून उठताना मी मनातल्या मनात मारियामातेची प्रार्थना म्हणते, आणि ती पुरी होईपर्यंत उभी राहिलेली नसते.

माझ्या डॉक्टरांचं नाव फेनर. तरुण आहेत, बोलायला गोड आहेत. मला नुसतं 'नोएली' म्हणतात. त्यांच्या आईहून मी मोठी असेन, पण असू दे. पहिल्या वर्षी म्हणाले, वजन कमी करा. अकरा पौंड कमी केलं. दुसऱ्या वर्षी व्यायामाचा कागद दिला. तिसऱ्या वर्षी फोटो काढला आणि म्हणाले, "झीज आहे, पण तुम्ही छान निभावताय, नोएली. तुमच्या लोकांची हाडं मुळातच दणकट. गोऱ्या बायकांसारखी ठिसूळ नसतात."

मी "आभारी आहे, डॉक्टर" म्हणाले. काय झालं होतं मला, कोण जाणे. जणू त्यांनी माझ्या हॅटचं कौतुक केलं होतं.

एकदा मी रात्री झोप लागावी म्हणून दुखण्यावरची गोळी मागितली. नर्सने सहीला कागद आणला. गोळ्या विकणार नाही, कुणाला देणार नाही, सांगाल तेव्हा लघवी तपासायला देईन. "घरात तरुण मुलं आहेत का?" तिने विचारलं. मी म्हटलं, माझ्या घरी एक मांजर आहे आणि तेही म्हातारं आहे. ती हसली नाही. चोरी करू नये, हे मी अडतीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतलं. मी कागद परत दिला आणि गोळ्याही नको म्हटलं.

तुला दिला होता का गं असा कागद?

गेल्या आठवड्यात जॉर्ज वादळाच्या भीतीने सगळी गल्ली गाव सोडून गेली. मी नाही गेले. गर्दी मला सोसत नाही.

आज सोमवार, म्हणून आपला नेहमीचा लाल घेवडा शिजतोय. तू करतेस का तिकडे?

नोएली


२ नोव्हेंबर १९९८

प्रिय मार्सेलीन,

तुला कुणी कागद दिला नाही. विचारायच्या आधी बाटलीभर गोळ्या दिल्या, आणि अर्ध्या अजून तुझ्या कपाटात पडून आहेत. हे वाचून मी इतकी हसले की एर्लीन कुंपणापलीकडून ओरडली, "काय गं, लॉटरी लागली का?"

आता मी तुला सगळं सांगणार आहे. ह्या वयात बहिणीपाशी दिखावा कशाला?

वादळाच्या दिवशी मी गर्दीमुळे थांबले नव्हते. चर्चची व्हॅन दाराशी उभी होती. आपल्या सात पायऱ्या तुला आठवतात. चौथ्या पायरीवर माझा पाय अडकून बसला. खालीही जाईना, वरही येईना. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, व्हॅनमध्ये लहान मुलं रडत होती. मी हात हलवून म्हटलं, जा तुम्ही. एर्लीन व्हॅनमधून उतरली आणि माझ्याजवळ पायरीवर बसली. म्हणाली, "बुडायचंच असेल तर कॉफी पिऊन बुडू." वादळ दुसरीकडे वळलं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

काल सर्व संतांचा दिवस. दरवर्षी आईच्या थडग्याला चुना मी लावते, यंदा घडीच्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांनी लावलेला पाहिला. खालचा कोपरा राहून गेला. मला वाकता आलं नाही.

नवे फादर घरी येऊन गेले. चांगल्या मनाचे आहेत. म्हणाले, "मिस नोएली, पायऱ्या होत नाहीत तर सिस्टर्सच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होते आहे. ईस्टरपर्यंत काय ते सांगा." मार्सेलीन, त्या खोल्या मी पाहिल्या आहेत. स्वच्छ आहेत. खिडकीबाहेर भिंत आहे. मला माझ्या घरात मरायचं आहे, आणि त्याआधी थोडं चालायचं आहे.

म्हणून मागते. तू डॉक्टर फेनरना चार ओळी लिही, की मी नोएलीची सख्खी बहीण आहे, माझा खुबा असाच होता आणि तो बदलल्यावर मी बरी झाले. एकाच आईची हाडं म्हटल्यावर ते नाही कसं म्हणतील? ते जमत नसेल तर तुझा जुना एक्स-रे पाठव.

मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. तू त्या मोठ्या दुकानात गोरी म्हणून कामाला होतीस तेव्हा घरचा नियम होता, बाहेर दिसलीस तर ओळख द्यायची नाही. मी तो एकदाच वाकवला. तुझ्या काउंटरवर येऊन निळी फीत मागितली. तू ती गुंडाळलीस आणि माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवलीस, गोऱ्या मुली ठेवायच्या तशी. किती सफाईने ठेवलीस! घरी येऊन मी आईला सांगितलं, मार्सेलीनला आता काही धोका नाही, तिला जमलं. आई दुसरीकडे तोंड करून भांडी घासत राहिली.

नोएली


३० नोव्हेंबर १९९८

प्रिय मार्सेलीन,

मोठं तपकिरी पाकीट मिळालं. पत्र नव्हतं, फक्त एक्स-रे. वरचा उजवा कोपरा, जिथे नाव असतं, तो कापलेला. शिवणाच्या तासाला आपण कापायचो तसा सरळ.

ठीक आहे. जेवढं देता आलं तेवढं तू दिलंस.

खिडकीच्या उजेडात मी आधी तुझा फोटो धरला, मग माझा. तुझी उजवी बाजू, माझी डावी. बाकी हाडाचा तोच बाक, तीच खरवडलेली कड. आरशासमोर उभं राहावं तसं वाटलं. इतक्या वर्षांत आपण दोघी एका खोलीत पहिल्यांदाच होतो.

डॉक्टर फेनरनी दोन्ही फोटो दिव्याच्या काचेवर शेजारी शेजारी लावले.

"हा कुणाचा?"

"माझ्या नात्यातल्या एका बाईंचा. कॅलिफोर्नियात असतात. गोऱ्या आहेत."

हे शेवटचं मी का सांगितलं, ठाऊक नाही. त्यांनी भुवई उंचावली, पण विचारलं नाही. इकडे असल्या नात्यांबद्दल कुणी विचारत नाही.

"मग त्यांचं काय केलं?"

"पाच आठवड्यांत सांधा बदलला."

त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "तुमचा थोडा जास्तच झिजलाय."

"मग, डॉक्टर?"

"नुसत्या फोटोवरून ठरत नाही, नोएली. माणसाला त्रास किती आहे ते बघावं लागतं. त्यांना जास्त दुखत असेल."

ते वाईट मनाने बोलले नाहीत, हे तुला सांगायला हवं. त्यांनी माझी फाइल माझ्यासमोर उघडली. दर भेटीला तेच लिहिलेलं. पेशंट प्रसन्न, नीटनेटकी, आधाराशिवाय चालते, वेदना दहापैकी चार.

आणि ह्यातलं सगळं मीच त्यांना दिलं होतं. आईचं तुला आठवतं ना? गोऱ्या डॉक्टरकडे जायचं तर इस्त्री करून जायचं. रडायचं नाही, मागायचं नाही, नाहीतर फुकटचं न्यायला आली म्हणतील. आणि सिस्टर पर्पेच्युआ सांगायच्या, दुखणं येशूच्या चरणी वाहावं, त्याचं प्रदर्शन मांडू नये. मी दर खेपेला आदल्या दिवशी ब्लाउजला खळ करते. हॅट, हातमोजे, थोडी पावडर. काठी एर्लीनच्या गाडीत ठेवते. हो, काठी आहे मला, दीड वर्ष झालं. दारापासून त्यांच्या खुर्चीपर्यंत अठरा पावलं आहेत, ती मी ताठ मानेने चालते. ते विचारतात दहापैकी किती, मी हसून चार म्हणते. पाच म्हणणं मला हावरटपणाचं वाटायचं.

गाडीत बसल्यावर मी हे एर्लीनला सांगितलं. तिने गाडी सुरूच केली नाही.

"म्हणजे तीन वर्षं मी तुला दवाखान्यात नेत होते की लग्नाला?"

"एर्लीन, आरडाओरडा नको."

"का नको? तुझ्या वाटचा पण मीच करते. अगं बये, पाय तुटायला आलाय आणि तू त्याला हॅट दाखवत बसलीस!"

मग ती रडायला लागली, आणि तिला रुमाल मलाच द्यावा लागला. खळ केलेला.

नोएली


१४ डिसेंबर १९९८

प्रिय मार्सेलीन,

थोडक्यात लिहिते. फार वेळ बसवत नाही.

शुक्रवारी गेले. घरातला झगा, सपाता, डोक्याला फडकं, हातात काठी. बाहेरच्या खोलीत ओळखीच्या दोघी होत्या, त्यांनी नजर चुकवली. मला वाटलं मी उघडीच आले आहे.

डॉक्टर म्हणाले, "नोएली, आज काय झालं? घरी काही बिनसलंय का?"

"दुखतंय, डॉक्टर. दहापैकी दहा."

"गेल्या खेपेला चार होतं."

"गेल्या खेपेला मी खोटं बोलले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. अगदी हळू म्हणाले, "मग आज खरं बोलताय, हे मी कशावरून समजायचं?"

मी रडले. सदुसष्ट वर्षांची बाई, त्या पोरासमोर. त्यांनी कागदी रुमाल दिला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मनाला बरं वाटायची गोळी लिहून दिली. म्हणाले, कधी कधी एकटेपणही सांध्यात बसतं, जूनमध्ये पुन्हा बघू.

ईस्टर एप्रिलमध्ये आहे.

बाहेर येताना नर्स डेनीजने माझा कोट धरला. ती आपल्यातलीच. कानाशी म्हणाली, "मिस नोएली, माझ्या आईलाही असंच झुलवलं. तुम्ही आज बरोबर केलंत." मी तिला विचारलं, मग आधी चूक केली होती का? मला तर ते अजून ठाऊक नाही. इस्त्री करून गेले तर दुखत नाही, रडत गेले तर डोकं फिरलंय. आपल्यासारखीने जायचं तरी कसं, ते कुणी शिकवलंच नाही.

तुला नाताळच्या शुभेच्छा. मुलांना, नातवंडांना माझ्याकडून काही सांगता येणार नाही, तेव्हा राहू दे.

नोएली


४ जानेवारी १९९९

मार्सेलीन,

तुझं लांब पत्र आणि हॉस्पिटलचा फॉर्म मिळाला. रागावले नाही. पण आज उत्तर लिहीत नाही.

नो.


१२ जानेवारी १९९९

माझी लाडकी मार्सेलीन,

तुझं पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलं आहे.

तू तुझ्या डॉक्टरांशी बोललीस. माझा फोटो न बघता ते फेब्रुवारीत ऑपरेशन करायला तयार झाले, फक्त तुझ्या शब्दावर. गोऱ्या बाईच्या शब्दाला किती वजन असतं, हे मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तू त्यांना सांगितलंस, लहानपणी मला सांभाळणारी बाई आहे, म्हातारी झाली, तिला कुणी नाही. मी यायचं, हॉस्पिटलजवळ खोलीत राहायचं, आणि तुझा मुलगा भेटायला आला तर त्याच्यासमोर तुला 'मिसेस हॅलोरन' म्हणायचं.

मी एर्लीनला वाचून दाखवलं. चूकच झाली.

"मोलकरीण?" ती किंचाळली. "तुझ्या पाठची, तुझ्या कडेवर वाढलेली, आणि तू तिची मोलकरीण?"

"तिची वेणी मीच घालायचे ना. तसं अर्धं खरंच आहे."

"तू आता त्या डॉक्टरसारखी बोलायला लागलीस. सगळं समजून घेतेस!"

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या वाटणीचं सूप घेऊन आली आणि म्हणाली, "जा. काय वाटेल ते म्हणवून घे. पण चालत परत ये."

मार्सेलीन, मला जायचं होतं. हे तुला कळायला हवं. मी आरशासमोर उभी राहून 'मिसेस हॅलोरन' म्हणून पाहिलं. जमतं. मला वाटलं होतं घशात अडकेल, पण छान जमलं. बसमध्ये मागे बसणं जमलं होतं, तुझ्या दुकानातून अनोळखी होऊन बाहेर पडणं जमलं होतं, तसंच हेही जमलं. ह्याचीच मला भीती वाटली. रात्रीच्या प्रार्थनेला बसले तेव्हा तोंडातून तुझं लहानपणचं नाव येईना, ते परकं नावच येत राहिलं.

मग फॉर्म भरायला घेतला. नाव, जन्म, दुखणं, औषधं. तिसऱ्या पानावर विचारलं आहे की भूल दिल्यावर रुग्ण शुद्धीवर आला नाही तर कुणाला कळवायचं, आणि त्या व्यक्तीशी रुग्णाचं नातं काय.

माझ्या वयाला असं होऊ शकतं. समजा झालं, तर तुझ्या त्या स्वच्छ हॉस्पिटलात माझ्या अंगावर चादर ओढताना नर्स तुला म्हणेल, मिसेस हॅलोरन, तुमची बाई गेली. आणि तू काय करशील? तुझा मुलगा शेजारी उभा असेल. तुला रडता येणार नाही, कारण मोलकरणीसाठी माणूस एका मर्यादेपर्यंतच रडतं. आईच्या वेळी तुला रडता आलं नाही. ते मी पुन्हा तुझ्यावर आणणार नाही.

म्हणून त्या ओळीवर मी तुझं नाव लिहिलं आहे, मार्सेलीन रोशाँ हॅलोरन. नात्यापुढे लिहिलं आहे, सख्खी बहीण. शाईने लिहिलं आहे.

फॉर्म ह्याच पाकिटात आहे. वर डॉक्टरांचा पत्ता छापलेला आहे, मी तो परस्पर पाठवू शकले असते. पण तुझं घर तू एकटीने उभं केलंस. त्याला धक्का लावायचा तर तुझ्याच हाताने लागावा. तू तो त्यांना दे, नाहीतर देऊ नकोस. एवढंच सांगते, तुझ्या डॉक्टरांना कळलं तर ते तुझा नवा खुबा परत काढून घेणार नाहीत. मुलांचं मला सांगता येत नाही. तू भितेस ते उगाच नाही, हे मला गेल्या तीन वर्षांत पुरतं कळलं आहे.

मी सांभाळणारी बाई म्हणून येणार नाही. बहीण म्हणून बोलावलंस तर रांगत येईन.

काल फादर पुन्हा आले होते. खोलीसाठी दुसरी एक बाई थांबली आहे, तिला कळवायचं आहे म्हणाले. मी म्हटलं, फेब्रुवारीतल्या राखेच्या बुधवारपर्यंत मला मुदत द्या, माझ्या बहिणीचं पत्र यायचं आहे.

"तुम्हाला बहीण आहे?" ते म्हणाले. "कधी बोलला नाहीत."

मी म्हटलं, हो. आहे.

तुझी
नोएली